एका जुवाला बैल, म्हैस आणि शेळी

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या समितीचं पत्र आलं : ‘मनोगत लिहून पाठवावे, सोबत फोटो जोडणे आणि मुदत पाळायची आहे.’ वाचता वाचता हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. (समितीतल्या मित्रांनो, रागावू नका.) त्या पेन्सिलीमागे बाई उभ्या होत्या. मराठीच्या बाई, नाव सांगायला नको.

नववी ब. मी मॉनिटर. सहलीची सूचना जिन्याखालच्या फळ्यावर लिहायची होती. वळणदार अक्षरात लिहिली : ‘सकाळी सहाला हजर राहणे, डबा आणावा आणि पैसे वर्गशिक्षकांकडे द्यायचे आहेत.’ अक्षराचं कौतुक होईल म्हणून तिथेच रेंगाळलो. बाई आल्या, वाचलं, म्हणाल्या, “अरे, एका जुवाला बैल, म्हैस आणि शेळी जुंपलीस की! गाडी चालायची कशी?”

मग पुसायला लावलं. आधी ‘राहणे, आणणे, देणे’. ते पुसून ‘राहावे, आणावा, द्यावेत’. तेही पुसून ‘राहायचं, आणायचा, द्यायचे’. “पहिला हुकूम, दुसरी विनंती, तिसरं घरचं बोलणं. कुठलंही घे, पण मध्येच बदलू नकोस.” मधली सुट्टी संपली, माझा डबा तसाच राहिला. तरी सुटका नाही. हेडसरांच्या खोलीबाहेर टांगलेल्या संविधानाच्या उद्देशिकेसमोर उभं केलं. “निर्धार कशाकशाचा, शोध.” बराच वेळ गेला. गणराज्य ‘घडविण्याचा’, न्याय, स्वातंत्र्य, समानता ‘प्राप्त करून देण्याचा’, बंधुता ‘प्रवर्धित करण्याचा’. एवढं अवाढव्य वाक्य त्या तीन ‘ण्याचा’वर तोललेलं! ‘२६ नोव्हेंबर १९४९’सकट उद्देशिका मला पाठ होती, पण वाक्य म्हणून ती त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

आज मी सरकारी कचेरीत परिपत्रकांचे मसुदे तपासतो. सहीआधी साहेब विचारतात, “यांच्या नजरेखालून गेलंय ना?” कॉलर ताठ होते, खोटं कशाला बोलू. गणिताच्या, विज्ञानाच्या सरांचेही उपकार आहेतच. त्यांच्यावर हुशार मुलं लिहितील.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. जिन्याखालचा फळा आता नाही. सूचना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. त्यातली एक भाचीच्या फोनवर वाचली. बैल होता, शेळीही होती. पुसायला लावणारं कोणी नव्हतं.

फोटो जोडला आहे. मुदत मात्र पाळता आली नाही.