एक नंबरच्या पिनेवरचे उणे पाच व्होल्ट

पुण्यात तपकीर गल्लीजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रोजचं काम अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर आणि एलईडी टीव्हीच्या बोर्डांचं. त्या दुपारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी कापडी पिशवीतून रबरी बटणांचा काळा डबा काढला आणि मी हातातलं काम बाजूला सारलं. झेडएक्स स्पेक्ट्रम, टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक! फोटोत शंभरदा पाहिलेलं हे मशीन प्रत्यक्ष उघडायला पहिल्यांदाच मिळत होतं.

"भावानं 84 साली इंग्लंडहून आणला होता. आता टीव्हीवर नुसते चौकोन येतात," काका म्हणाले.

"अ‍ॅडॉप्टर कुठला लावलात?"

"मूळचा हरवला रे. घरात नऊ व्होल्टचा होता तो लावला, तर काहीच येईना. मग एकानं तारा उलट करून दिल्या, तेव्हापासून हे चौकोन."

रोग तिथेच समजला. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या पिनेला आतून धन असतं, स्पेक्ट्रमला आतून ऋण लागतं. पहिल्यांदा उलटी वीज गेली तेव्हाच आत काहीतरी उडालं असणार. पाच स्क्रू काढून झाकण उचललं. कीबोर्डच्या चपट्या पट्ट्या जपून सोडवल्या, कारण इतक्या वर्षांनी त्या वाळलेल्या पानासारख्या तडकतात.

बोर्ड पाहून मात्र मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चनं एप्रिल 1982 मध्ये हा संगणक आणला. 48 के (किलोबाइट) मेमरीचं मॉडेल 175 पौंडांना. त्याच शहरातल्या एकॉर्नचं बीबीसी मायक्रो मॉडेल बी 399 पौंडांना होतं. हा फरक कुठून आला, ते बोर्डावर वाचता येतं. झेड-80 प्रोसेसर, 16 के रॉम (कायमची मेमरी), आणि टीव्हीचं चित्र, कीबोर्ड, कॅसेट, आवाज हे सगळं सांभाळणारी फेरांटी कंपनीची एकच चिप, यूएलए. हार्डवेअरची ही मांडणी रिचर्ड अल्टवासर यांची.

सगळ्यात धाडसी काटकसर 48 केपैकी वरच्या 32 के मेमरीत आहे. तिथल्या आठ चिप्स मुळात 64 किलोबिटच्या, पण कारखान्याच्या तपासणीत ज्यांचा अर्धा भाग नापास झाला अशा. सिंक्लेअरनं त्या स्वस्तात घेतल्या आणि फक्त चांगला अर्धा भाग वापरला. कुठला अर्धा चांगला, ते चिपवरच्या छापात कळतं. आठही एकाच बाजूच्या लागतात आणि त्याप्रमाणे बोर्डावर एक जोडतार बसवलेली असते. दुसऱ्यांनी टाकून दिली असती ती चिप यांनी पोरांच्या घरात पोचवली. मला हे अभियांत्रिकीतलं फार मोठं काम वाटतं. महागडे भाग घेऊन चांगलं मशीन पुष्कळांना बनवता येतं.

बिघाड खालच्या 16 के मध्ये होता. तिथे 4116 जातीच्या आठ चिप्स, त्यांना तीन व्होल्टेज लागतात: अधिक बारा, अधिक पाच, उणे पाच. मीटर एक नंबरच्या पिनेवर टेकवलं. उणे पाच हवेत, दाखवतंय शून्य. बारा आणि उणे पाच तयार करणाऱ्या सर्किटमधला टीआर-4 हा ट्रान्झिस्टर उडाला होता. उणे पाच नसताना बाकीचे व्होल्टेज मिळत राहिले की या चिप्स जळतात. बोट लावून पाहिलं तर दोन चटका बसेल इतक्या तापल्या होत्या. जुन्या व्हिडिओगेमच्या बोर्डांवरून काढून ठेवलेल्या 4116 माझ्याकडे होत्या. टीआर-4 नवा घातला, आधी उणे पाच आल्याची खात्री केली, मगच सॉकेट लावून चिप्स बसवल्या. वरच्या चिप्सना फक्त पाच व्होल्ट लागतात, त्या शाबूत निघाल्या.

दुकानातल्या जुन्या डब्बा टीव्हीवर यूएचएफचा 36 वा चॅनेल लावला. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि तळाला ओळ उमटली: 1982 सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

काकांनी पिशवीतून कॅसेट काढली. कालव्यातून किती पाणी वाहील याचं गणित करणारा प्रोग्रॅम त्यांनी तेव्हा बेसिक या संगणकाच्या सोप्या भाषेत लिहिला होता. त्यांचं बोट न शोधता 'J' अक्षराच्या बटणावर गेलं. स्पेक्ट्रमवर ते एक बटण दाबलं की अख्खा 'लोड' शब्द उमटतो. पहिल्यांदा टेप लोडिंग एरर. मी टेपरेकॉर्डरच्या हेडचा बारीक स्क्रू, आवाज खणखणीत होईपर्यंत, जरा जरा फिरवला. मग कडेला लाल-आकाशी पट्टे आले, पाठोपाठ निळे-पिवळे सरसरत गेले आणि प्रोग्रॅम चढला.

काका ओळीन् ओळ वाचत होते. "ही मॅनिंगच्या सूत्राची ओळ. हा खडबडीतपणाचा आकडा, मातीच्या कालव्याला वेगळा, काँक्रीटला वेगळा. ऑफिसात हे आम्ही कॅल्क्युलेटरवर करायचो, दिवस जायचा." त्यांनी तळाची रुंदी, उतार, पाण्याची खोली भरली. उत्तर आलं तसं खिशातला कागद काढून त्याच आकड्यांचं गणित हातानं करून ताडून पाहिलं. जुळलं.

पुढे डेसिबल्स कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस भारतातही काढला. असे डबे अजून कुणाच्या माळ्यावर असतील, तर अ‍ॅडॉप्टरची पिन मीटरनं तपासल्याशिवाय कृपा करून लावू नका. काकांची कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतली, आणि नव्या अ‍ॅडॉप्टरवर ठळक अक्षरांत लिहून दिलं: आत ऋण, फक्त स्पेक्ट्रमसाठी.