पाना कुणाकडे मागायचा

हातपंप बंद आहे असं कुणी सांगितलं की मी आधी दांडा हातात घेतो. निम्मं निदान तिथेच होतं. दांडा खाली लोंबतो, उचलला तरी परत खालीच जातो, तेव्हा समजायचं की दांड्याची साखळी तुटली किंवा तिला लटकणारा, पाइपमधून खाली जाणारा कनेक्टिंग रॉड निसटला. पलीकडे वजनच उरलेलं नाही. दांड्याला नेहमीचा भार लागतो, पण तीस-चाळीस झटके मारल्यावर करंगळीएवढी धार येते आणि थांबते, तेव्हा खाली पाण्यातल्या सिलिंडरमधले, पाणी उचलणारे कप वॉशर झिजलेले असतात. त्या दिवशी वरच्या आळीतल्या पंपाचा दांडा धरला आणि चार झटक्यांत कळलं, वॉशर गेलेत. दोन रबरी वाट्या, बास. पंप बंद होऊन अकरा आठवडे झाले होते.

मी खरं तर नव्या बोअरची जागा बघायला गेलो होतो. एका बॅप्टिस्ट मंडळीने, म्हणजे त्या पंथाच्या चर्चने, त्या गावाशी तीन वर्षांची भागीदारी केली आहे: पाणी, शेतीची औजारं, मुलांचा अभ्यासवर्ग आणि अर्थात त्यांचं सुवार्तेचं, म्हणजे धर्मप्रसाराचं, काम. पाण्याचा भाग माझ्याकडे. मंडळीकडून आलेल्या पत्रात ‘तीव्र टंचाई, नवीन बोअर तातडीने हवी’ असं होतं. अशी पत्रं नेहमी येतात. बोअरवर पाटी लावता येते, फीत कापता येते, देणगीदारांना फोटो पाठवता येतो. वॉशर बदलल्याचा फोटो कोण मागतो?

गावात तीन हातपंप, तिन्ही इंडिया मार्क टू. एक चर्चच्या कुंपणाला लागून, एक शाळेत, एक वरच्या आळीत. पहिले दोन व्यवस्थित चालू होते. म्हणजे टंचाई गावाला नव्हती, वरच्या आळीला होती. तिथली चाळीसेक घरं ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणत होती, एक खेप जाऊन-येऊन पाऊण तासाची.

मार्क टू पंपाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. या पंपाची मुळं आपल्याच मुलखात, जालना आणि सोलापूरला मिशनच्या लोकांनी केलेल्या पंपांमध्ये आहेत. सोलापूरचा नमुना पुढे युनिसेफने उचलला, मद्रासमध्ये त्यावर काम झालं, कोइमतूर भागात चाचण्या झाल्या आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क टू देशभर गेला. चर्चवाले हा इतिहास अभिमानाने सांगतात आणि तो खराही आहे. पण पंप जितका दणकट, तितकाच उघडायला जड. सिलिंडर तळाशी, वरचा ३२ मिलिमीटरचा जीआय पाइप अरुंद. त्यातून प्लंजर, म्हणजे वाट्या बसवलेला दट्ट्या, वर येत नाही. त्यामुळे दोन वाट्या बदलायला सगळे पाइप बाहेर काढावे लागतात. मार्क थ्रीमध्ये पाइप ६५ मिलिमीटरचा केला. त्यात नुसते रॉड ओढले की प्लंजर हातात येतो. या गावात मात्र मार्क टू आहेत, आणि मार्क टू म्हणजे खास हत्यारं आणि पाच माणसं.

माणसं वरच्या आळीतच मिळाली. हत्यारांची पेटी चर्चच्या मागच्या खोलीत होती. मला माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वी ती तिथे ठेवायचं मीच सुचवलं होतं आणि पाणी समितीच्या वहीत तसं लिहूनही घेतलं होतं: ‘सुरक्षित, कुलूपबंद, कोरडी जागा.’ शाळा सुट्टीत बंद, ग्रामपंचायतीचं कार्यालय कधी उघडेल याचा नेम नाही. पक्की भिंत आणि भक्कम कडी चर्चलाच होती. किल्ली पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या पास्टरांकडे. पाळकसाहेबांकडे तीन गावं आहेत, इथे ते एका रविवाराआड येतात.

त्या दिवशी ते आलेले होते. किल्ली लगेच दिली, पेटी उचलायला स्वतः हात लावला.

मग काम सुरू झालं. हेडचं, म्हणजे पंपाच्या वरच्या डब्याचं, झाकण क्रँक स्पॅनरने उघडलं, दांडा वर धरून साखळी सोडवली, आस ठोकून दांडा काढला. हेड उतरवलं, टाकी उचलली आणि पाइपला सेल्फ लॉकिंग क्लॅम्प लावला. इथे घाई करणारा माणूस मला चालत नाही. दहा पाइप म्हणजे तीस मीटर. रॉड, सिलिंडर आणि आतलं पाणी धरून दीडशे किलोच्या वर ओझं त्या एका क्लॅम्पवर लटकत असतं. क्लॅम्प नीट बसला नाही किंवा कुणी ‘होतंय हो’ म्हणत नुसत्या पाइप पान्यावर भागवलं, की सगळी माळ बोअरच्या तळाला. मग ती काढायला गळ टाकत बसा, निघाली तर निघाली. लिफ्टिंग स्पॅनर दोन्ही बाजूंनी, एकाने क्लॅम्प सांभाळायचा, एकाने आकडा मोजायचा. प्रत्येक तीन मीटरला थांबायचं, पाइप सोडवायचा, रॉड व्हाइसमध्ये धरायचा, रॉड सोडवायचा, बाजूला लाकडावर ठेवायचा. मातीत ठेवलात तर आट्यांत माती जाते आणि तीच पुढे गळती होते.

सातव्या पाइपच्या आट्या गंजून पापड झाल्या होत्या. तेवढं टोक कापून डायने नव्या आट्या पाडल्या. सिलिंडर उघडला तर वाट्यांच्या कडा कागदासारख्या झालेल्या, एक फाटलेली. नव्या वाट्या नायट्राइल रबराच्या. त्या चामड्यापेक्षा जास्त टिकतात. तोंड वरच्या दिशेला ठेवायचं, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो आणि तरी दर काही महिन्यांनी कुठेतरी उलटी बसवलेली वाटी सापडते. उलटी वाटी पाणी उचलत नाही, मग लोक म्हणतात नवीन माल बोगस. चेक व्हॉल्व्हचं, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेचं, रबरही बदललं. सिलिंडर खाली सोडण्याआधी बादलीत उभा करून प्लंजर हाताने चालवला, पाणी भरलं, मग बादलीबाहेर धरून पाच मिनिटं बघितलं. थेंब गळाला नाही. या पाच मिनिटांचा लोकांना कंटाळा येतो आणि मग तीस मीटर परत वर काढावं लागतं.

साडेतीन तासांत पंप उभा राहिला. मिनिटाला ४० झटक्यांत बादलीत १२ लिटर भरले तर पंप ठीक, १० च्या खाली असेल तर परत उघडा. आमचा १३ च्या जवळ गेला. अर्धा तास बंद ठेवून पुन्हा मारला, तिसऱ्या झटक्याला पाणी. पाचाच्या पुढे गेलं असतं तर कुठेतरी गळती. शेवटी ब्लीचिंग पावडर. बोअर १५० मिलिमीटरची, पाण्याचा स्तंभ साधारण २० मीटर, म्हणजे ३५० लिटर पाणी. ताजी, ३३ टक्के क्लोरीनवाली पावडर ५५ ग्रॅमच्या आसपास पुरते, रात्रभर ठेवायची, सकाळी वास जाईपर्यंत उपसायचं. लोक अर्धी पिशवी ओततात, मग आठवडाभर पाणी पिववत नाही आणि ‘चर्चवाल्यांनी औषध टाकलं’ अशी बोलवा होते. ही बोलवा मी एका दुसऱ्या गावात निस्तरली आहे, म्हणून मोजून टाकतो आणि टाकताना चारजणांना जवळ उभं करतो.

पाइप काढत असतानाच मी विचारलं होतं, अकरा आठवडे कुणी पेटी का नाही आणली? पंप उघडायचं प्रशिक्षण त्या आळीतल्या तिघांना मीच दिलेलं. कुणी बोलेना. शेवटी पंपाची देखभाल बघणाऱ्या बाई म्हणाल्या, “मागायला गेलं की बसा म्हणतात. विचारपूस करतात. मग डोळे मिटा, प्रार्थना करू या म्हणतात. साहेब, आम्हाला पाना पाहिजे असतो.”

पाळकसाहेब शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. “ताई, आम्ही कुणाला कधी नाही म्हटलंय का?”

“नाही म्हटलं नाही हो. म्हणूनच तर अवघड.”

दुसऱ्या एकाने मग हौदाचं काढलं. बॅप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे पूर्ण पाण्यात बुडवून. नुसतं शिंपडून चालत नाही. चर्चच्या अंगणात त्यासाठी बांधलेला हौद आहे, अडीच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद, मीटरभर खोल. भरला की तीन हजार लिटर. हातपंपाने भरायचा तर चार तासांहून जास्त अखंड झटके. इस्टरला तो भरला होता, वरचा पंप बंद पडून तेव्हा तीन आठवडे झाले होते. पाणी टँकरचं, पैसे मंडळीचे स्वतःचे, पावती आहे. कुणाचं एक भांडं पाणी त्यांनी घेतलं नव्हतं. पण विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येणाऱ्या बाईला कुंपणापलीकडे भरलेला हौद दिसतो, पावती दिसत नाही.

संध्याकाळी मंडळीतले डिकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, काका भेटले. वाचलेला माणूस. त्यांनी आंध्रातल्या ओंगोलचा दाखला दिला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तिथले अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं, उपाशी लोकांना काम दिलं आणि तेवढा काळ बाप्तिस्मे थांबवून ठेवले. भाकरीसाठी कुणी ख्रिस्ती होऊ नये म्हणून. काकांचं म्हणणं, आपणही पंप आणि प्रार्थना वेगळी ठेवायला हवी. पाळकसाहेबांनी गोष्ट तिथेच सोडली नाही. बाप्तिस्मे पुन्हा सुरू झाल्यावर १८७८ च्या ३ जुलैला एका दिवसात २,२२२ लोकांनी बाप्तिस्मा घेतला, हेही सांगा म्हणाले. दोघेही एकाच गोष्टीवर बोट ठेवून दोन टोकांना उभे होते. मला एवढंच वाटलं की क्लफनी थांबायचं ठरवलं ते दुष्काळ चालू असताना, आणि आपल्याकडे हत्यारांच्या पेटीबद्दल ठरवतानासुद्धा हा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. माझ्या तर नव्हताच.

पेटी हलवायची हे सगळ्यांना पटलं, पण हलवायची कुणी? बॅप्टिस्टांच्यात वरून हुकूम देणारा बिशप नसतो. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आणि मालमत्तेचा निर्णय सभासदांच्या सभेत मतदानाने. पाळकाला एकट्याने पेटी देता येत नाही. बाहेरच्या अधिकाऱ्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. मला ही पद्धत आवडते, कारण निदान विरोध करणारा तोंडावर करतो. रविवारी उपासनेनंतर सभा भरली. विरोध चांगलाच झाला. मागे सिमेंटच्या गोण्या गायब झाल्या होत्या, ते निघालं. एका आजींनी विचारलं, “आपण दिलेलं आपल्याच दारातून न्यायला लाज वाटते, तर कशाची भागीदारी?” याला उत्तर कुणीच दिलं नाही. २१ विरुद्ध १६ मतांनी ठराव झाला: पेटी देखभाल बघणाऱ्या बाईंच्या घरी, दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे आणि एक शाळेच्या शिपायाकडे, वहीत सही करून हत्यार न्यायचं.

त्यातही कागदाचा घोळ होताच. पेटी परदेशी देणगीतून घेतलेली, म्हणजे ती ज्या संस्थेने घेतली तिच्या मालमत्तेच्या नोंदीत आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही, त्यामुळे ‘समितीला दिली’ असं लिहिलं की हिशेबनीस डोक्याला हात लावणार. ‘वापरासाठी ठेवली’ असं लिहिलं. वाट्या, रबरं, साखळीचे बोल्ट असे सुटे भाग मात्र आता घरटी वर्गणीतून घ्यायचे ठरले. तो पैसा गावचा, त्याला हे काही लागू नाही. नव्या बोअरचा प्रस्ताव मी परत पाठवला. देणगीदारांकडून नाराजीचं पत्र आलं, ते फाइलला आहे.

याला चार महिने झाले. गेल्या आठवड्यात बाईंच्या घरची वही बघितली. सहा नोंदी, सगळ्या वरच्या आळीच्या आणि शाळेच्या. पंप दोन्ही ठणठणीत. येताना चर्चजवळच्या पंपावर थांबलो. हेड डुलत होतं, फ्लँजचे आठपैकी तीन बोल्ट सैल, एक पडून हरवलेला. असाच चालवला तर दांड्याची आस आणि बेअरिंग खराब होणार. चारच बोल्टांचं, दहा मिनिटांचं काम. पेटी तिथून दोनशे पावलांवर.

डिकन काका अंगणात होते. विचारलं, “काका, पाना आणला नाहीत?”

“बघू,” ते म्हणाले, “तुम्ही येणारच होता ना.”