झाकण न उघडता दिलेला सल्ला

माझे जुने शिवणयंत्र टाके सोडू लागले, म्हणून ते मी इथे युरोपातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेले, तेव्हा त्याने झाकणही न उघडता नवे घेण्याचा सल्ला दिला. युरोपात मजुरी इतकी महाग आहे की साध्या दुरुस्तीचा खर्चही स्वस्तातल्या नव्या यंत्राच्या जवळ पोहोचतो, हे मला मान्य आहे. परंतु दोष कुठे आहे हे न पाहता केवळ वयावरून यंत्र निकालात काढणे मला पटत नाही. आपल्याकडचा कारागीर आधी हातचाक फिरवून पाहतो, बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, काढून आतला कचरा झटकतो आणि मगच बोलतो.

टाके सुटण्यामागे पुष्कळदा बोथट किंवा वाकलेली सुई असते. ती बदलूनही फरक पडला नाही, तर शटलचे, म्हणजे वरच्या दोऱ्याचा फास पकडून त्यात खालचा दोरा अडकवणाऱ्या भागाचे, टायमिंग तपासावे लागते: सुई तळाशी जाऊन सुमारे २ ते २.५ मिलिमीटर वर येते, त्या क्षणी शटलचे टोक तिच्या नेढ्याच्या किंचित वरून, दोऱ्याच्या फासातून गेले पाहिजे. यंत्र जड फिरत असेल, तर बहुधा जुने तेल घट्ट झालेले असते. नायलॉनचे दातेरी चाक तडकले असेल, तर ते बदलून टायमिंग पुन्हा जुळवता येते. सर्किट बोर्ड जळाला आणि कंपनीने सुटे भाग बंद केले असतील, किंवा आपल्याला ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी झिगझॅग हवा असून यंत्र केवळ सरळ टाका घालत असेल, तर मात्र नवे घेणेच योग्य.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला, पण उत्पादकांवर दुरुस्ती बंधनकारक करणाऱ्या त्यातील यादीत धुलाईयंत्र आहे, शिवणयंत्र नाही, याची मला खंत वाटते. त्याच युरोपात, अ‍ॅमस्टरडॅममध्ये, २००९ साली ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाले, जिथे जाणकार स्वयंसेवक तुमच्या शेजारी बसून तुमची वस्तू दुरुस्त करायला मदत करतात, आणि ही कल्पना मला मनापासून आवडते. आपल्याला कारागीर कोपऱ्यावर मिळत आला, म्हणून अशा व्यवस्थेची गरज आपल्याला भासली नाही, असे मी स्वतःला सांगते.

यंत्र आता अशाच एका कॅफेत नेणार आहे. शटलचे टोक झिजलेले निघाले आणि त्याचा सुटा भाग मिळाला नाही, तरच मी नव्याची चौकशी करीन.