आमची वाटचाल : माल गेला तरी हिशेब मिटत नाही

मासळी निर्यातीच्या धंद्यात कंटेनरला सील लागलं, कागद बँकेत गेले की काम संपलं, असं बाहेरच्याला वाटतं. आमचा इतक्या वर्षांचा अनुभव उलटा आहे. खरा धोका तिथून सुरू होतो. पोचल्यावर माल नाकारला जाऊ शकतो, खरेदीदार वजनावरून पैसे कापू शकतो, आणि विकून संपलेल्या मालावर मागाहून वाढीव शुल्क लागू शकतं. या धोक्यांचा बोजा कोणी उचलायचा, यावरच या धंद्यातली सगळी ओढाताण चालते, आणि साखळीत जो लहान त्याच्या अंगावर तो येऊन पडतो.

वडिलांनी सुरुवात केली ती कोळंबी सोलून मोठ्या निर्यातदारांना पुरवण्यापासून. पीलिंग शेड आमची, माल त्यांचा, भावही त्यांचा. पुढे आम्ही मर्चंट एक्स्पोर्टर झालो, म्हणजे ऑर्डर आमची पण फ्रीझिंग दुसऱ्याच्या कारखान्यात. त्या काळात प्लेट फ्रीझर रिकामा मिळेल तेव्हा आमचा माल लागायचा, आणि हंगाम भरात असताना तो कधीच रिकामा नसायचा. स्वतःचं युनिट हवं हे तेव्हाच ठरलं.

१९९७ साल या धंद्यातले जुने लोक विसरणार नाहीत. ऑगस्टमध्ये युरोपियन युनियनने स्वच्छतेचं कारण देऊन भारतातून येणारी मासळी थांबवली. ती बंदी त्याच वर्षाअखेर उठली. डिसेंबरमध्येच अमेरिकेत सीफूडसाठी हॅसेप, म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्यावरचा धोका आधीच हेरून रोखण्याची आणि त्याची नोंद ठेवण्याची पद्धत, बंधनकारक झाली. तोवर बर्फ, पाणी आणि फरशी यांवर चाललेला धंदा एकदम नोंदवह्या, तापमानाचे आलेख आणि पाण्याच्या चाचण्यांवर आला. कित्येक लहान कारखान्यांना तो खर्च झेपला नाही. माझं मत विचाराल तर ते नियम योग्यच होते. आमचं युनिट त्यानंतर उभं राहिलं, त्यामुळे कच्चा माल येण्याची आणि तयार माल जाण्याची वाट वेगळी ठेवणं, चिल रूम, हात धुण्याच्या जागा हे सगळं आराखड्यातच बसवता आलं. परदेशी तपासनीस आले की आजही आमच्या मजल्यावर धावपळ होत नाही, याचा मला अभिमान आहे.

मात्र आम्हाला सगळ्यात जास्त पिळलं ते अमेरिकेच्या अँटी-डम्पिंग शुल्काने, म्हणजे माल वाजवीपेक्षा स्वस्त विकल्याच्या ठपक्यावरून बसणाऱ्या कराने, आणि ते कसं चालतं हे निर्यातीत नसलेल्यांना क्वचितच माहीत असतं. तिथल्या कोळंबी पकडणाऱ्यांच्या तक्रारीवरून २००५ च्या सुरुवातीला भारत, चीन, थायलंड, व्हिएतनाम, ब्राझील आणि इक्वेडोर या सहा देशांच्या कोळंबीवर हे शुल्क बसलं. माल बंदरात उतरताना जे भरलं जातं ती फक्त अनामत. त्या वर्षात विकलेल्या मालाचा पक्का दर नंतरच्या आढाव्यात, बऱ्याच काळाने ठरतो. दर वाढला तर फरक व्याजासकट भरायचा, कमी झाला तर परत मिळायचा. आणि हा आढावा साधारण एक-दोन मोठ्या कंपन्यांच्या हिशेबावर होतो. बाकीच्यांना त्या कंपन्यांच्याच आकड्यांवरून काढलेला दर लागतो. आम्ही आमचा माल किती भावाने विकला हे कोणी उघडूनही पाहत नाही. कोणा दुसऱ्याच्या वह्यांवरून आमचं देणं ठरतं.

ही अनिश्चितता अमेरिकेतल्या खरेदीदारांना नको होती. त्यांनी सरळ सांगितलं, आयातदार म्हणून तुम्हीच नाव लावा, शुल्क तुम्हीच भरा, आम्ही गोदामातून माल उचलू. मोठ्या कंपन्यांनी तिथे आपली कार्यालयं उघडली. आम्ही ते केलं असतं तर एका वाईट आढाव्यात कारखाना गहाण पडला असता. कोळंबीच्या आयातदारांकडून तिथल्या कस्टम्सने त्या काळात जादा बॉण्डही, म्हणजे शुल्क भरण्याची हमीही, मागितले. त्याविरुद्ध भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००८ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. तोपर्यंत आमच्या ओळखीच्या दोन-तीन लहान निर्यातदारांनी अमेरिका सोडली होती. आणखी एक गोष्ट मला आजही खुपते. २००७ पर्यंत आयात झालेल्या मालावरचं हे शुल्क तिथल्या एका कायद्यानुसार तक्रार करणाऱ्यांमध्येच वाटलं जात होतं. आमच्या मालावर वसूल झालेला पैसा आमच्याच प्रतिस्पर्ध्याच्या हातात जात होता.

त्याच २००७ मध्ये इक्वेडोर या शुल्कातून सुटला. तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही, कारण पुढची काही वर्षं आपली होती. २००९ मध्ये भारतात व्हॅनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली, त्यानंतर थायलंडची तळी रोगाने बसली, आणि जगाला कोळंबी पुरवायला भारत पुढे आला. इक्वेडोर मात्र शांतपणे वाढत राहिला. तिथल्या मोठ्या कंपन्यांकडे हॅचरी (कोळंबीची पिल्लं तयार करण्याची जागा), खाद्य, तळी आणि कारखाना हे सगळं एकाच मालकीचं असतं. शिवाय अमेरिका त्यांना जवळ, आणि २०१७ पासून युरोपात त्यांची कोळंबी करमुक्त. २०२२ मध्ये त्यांची निर्यात दहा लाख टनांच्या पुढे गेली. आधी ते बहुतेक अख्खी, डोक्यासकटची कोळंबी चीनला पाठवायचे. चीनचे भाव पडले तसे तेही सोललेल्या मालाकडे वळले. सोललेला माल हीच तर आपली ताकद होती. आपल्याकडे सफाईने सोलणारे हात आहेत.

त्या हातांबद्दल इथेच लिहितो. कोळंबी सोलणं, धागा काढणं, आकाराप्रमाणे निवडणं हे काम आमच्याकडे बायका करतात. थंड पाण्यात आणि बर्फात हात घालून हे काम चालतं. ऑर्डर घटली की पहिली झळ त्यांना बसते, कारण यंत्राचा हप्ता टाळता येत नाही पण पाळी रद्द करता येते. आम्ही शक्यतो पाळी रद्द करत नाही. भाव नसला तरी थोडा माल सोलून कोल्ड स्टोरेजला लावतो. बँकेला हे आवडत नाही. पण एकदा ही माणसं दुसरीकडे गेली की तयार हात पुन्हा मिळायला वर्षं जातात, हे बँकेच्या कागदावर दिसत नाही.

२०२५ ने तर सगळी गणितं उलटवली. अँटी-डम्पिंग होतंच. आदल्या डिसेंबरात, आपल्या निर्यातदारांना सरकारी अनुदान मिळतं या कारणाने, पावणेसहा टक्क्यांच्या आसपास आणखी एक शुल्क लागलं होतं. त्यावर ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग २७ तारखेपासून आणखी २५ असा ५० टक्के कर लावला. तेव्हा इक्वेडोरला १५ टक्के होता. २७ च्या आधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे दाखल झालेला माल जादा २५ टक्क्यांतून सुटत होता, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी रीफर, म्हणजे माल गोठलेला ठेवणाऱ्या, कंटेनरसाठी धाव घेतली. खरेदीदाराकडून आलेला पहिला निरोप होता, भार निम्मा-निम्मा वाटून घेऊ. मासळीत आमचं मार्जिन किती असतं हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. आम्ही नकार दिला आणि ती ऑर्डर गेली.

परक्या देशाच्या करापेक्षा मला जास्त त्रास होतो तो आपल्याच लोकांच्या भावपाडीचा. बाजार बसला की कोणीतरी आमच्याहून कमी भाव कळवतो, आणि तो भाव कसा परवडतो ते पाकीट वितळल्यावर कळतं. ग्लेझिंग म्हणजे मासळीवरचा बर्फाचा पातळ थर, ती कोरडी पडू नये म्हणून. तो थर वाढवून पाणी मासळीच्या भावाने विकता येतं. फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वजनही फुगवता येतं. मग फसलेला खरेदीदार पुढच्या वेळी सगळ्याच भारतीय मालाला शंकेने पाहतो. प्रतिजैविकांच्या अंशांचंही तेच. थोड्यांच्या मालात ते सापडले, आणि २०१६ मध्ये युरोपने आपल्या शेतीतल्या कोळंबीचं तपासणीचं प्रमाण १० वरून ५० टक्क्यांवर नेलं. तपासणी होईपर्यंत बंदरावर उभ्या कंटेनरचं वीजभाडं आणि दंड मात्र प्रत्येकाचा वेगळा.

म्हणून आम्ही हळूहळू समुद्रातल्या मालाकडे वजन वाढवलं आहे : माकुल, म्हणजे स्क्विड नि कटलफिश, आणि थोडी समुद्री कोळंबी. ही कोळंबी अमेरिकेला जात नाही. जाळ्यात कासवं सुटण्याची सोय नसल्याच्या कारणावरून तिथे २०१९ पासून तिला बंदी आहे. युरोपला समुद्री माल पाठवायचा तर २०१० पासून कॅच सर्टिफिकेट लागतं, मासळी कोणत्या होडीची हे दाखवावं लागतं. होडीमालकांकडून हे कागद वेळेवर मिळवणं हे आमच्याकडे एका माणसाचं पूर्ण वेळचं काम झालं आहे. पावसाळ्यातली ६१ दिवसांची मासेमारीबंदी असताना मजला जवळपास रिकामा राहतो. त्या काळात शेतीतल्या कोळंबीचा आधार असतो, म्हणून ती पूर्ण सोडता येत नाही.

मधल्या काळात बाकीचं पाठबळही पातळ झालं. कर्जावरच्या व्याजाची सवलत डिसेंबर २०२४ ला संपली. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा युरोपचा माल पोचायला आणि पैसे यायलाही उशीर झाला. होडीवाल्याचे आणि शेतकऱ्याचे पैसे मात्र थांबवता येत नाहीत. थांबवले तर पुढची मासळी दुसऱ्याच्या दारात जाते.

आम्ही आता काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. एकाच देशाला निम्म्याहून जास्त माल जाणार नाही. शुल्क आम्ही भरायचं अशी अट असलेली ऑर्डर घेणार नाही, ती कितीही मोठी असली तरी. नव्या खरेदीदाराला पतविम्याशिवाय, म्हणजे त्याने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या विम्याशिवाय, माल नाही. निव्वळ वजन पाकिटावर छापलेलं असेल तेवढंच आत असेल. यामुळे उलाढाल घटली आहे आणि माझ्या धाकट्या भावाला ते पटलेलं नाही. त्याच्या मते बाजारातून पाऊल मागे घेतलं की जागा दुसरा घेतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. सध्या त्याच्याच आग्रहाने साफ केलेल्या माकुलाची लहान, थेट दुकानात ठेवता येतील अशी पाकिटं बनवायला घेतली आहेत. नमुने दोन खरेदीदारांकडे गेले आहेत. एकाने वजन मोजून पाहिलं, ते बरोबर निघालं, आणि त्याने दराची विचारणा केली आहे.