आज्जी, तुमचा नवा जन्म कधी झाला?

ज्याचा नवा जन्म झालाय, म्हणजे येशूवरच्या विश्वासाने जो आतून बदललाय, त्याला त्याची तारीख सांगता आलीच पाहिजे, असं आमच्या गुरुवारच्या प्रार्थनासभेत नवीन आलेल्या एका मुलाचं म्हणणं आहे. पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला आलाय, विजयनगरला राहतो, मनाने चांगला आहे, गिटारही झकास वाजवतो. स्वतःची तारीख, वार, वेळ, वर कोणतं गाणं चालू होतं तेही सांगतो. तर त्याने सगळ्यांना एकेक करून विचारायला सुरुवात केली आणि माझ्या सासूबाईंपर्यंत आला, "आज्जी, तुमचा नवा जन्म कधी झाला?" सासूबाई पोह्यांवर शेव घालत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बाळा, जन्माची तारीख आईला ठाऊक असते, पोराला नंतर कोणीतरी सांगतं." सगळे हसले. तो नाही हसला.

आता आम्ही पडलो नगरकडचे जुने प्रोटेस्टंट ख्रिस्ती. आमच्यात पाळण्यात असतानाच बाप्तिस्मा होतो, मोठेपणी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करणं, मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी. नव्या फेलोशिपवाल्यांना, म्हणजे नव्याने निघालेल्या स्वतंत्र मंडळ्यांना, हे पटत नाही, ते मोठ्या माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्या वादात मला शिरायचंच नाहीये, दोन्हीकडे जीव लावून प्रार्थना करणारी माणसं मी बघितलीत. पण तारखेचा हट्ट कुठून आला ते मला खरंच कळत नाही, कारण ज्या योहान ३ वरून, म्हणजे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायावरून, हे सगळं सुरू होतं तिथे निकदेम रात्री येशूकडे येतो, परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, मोठा अधिकारी माणूस, नव्याने जन्मलं पाहिजे हे येशूकडून ऐकून "म्हाताऱ्याने परत आईच्या पोटात शिरायचं का?" असं विचारतो, येशू त्याला पाणी आणि आत्मा सांगतो, वारा हवा तिकडे वाहतो म्हणतो आणि निकदेम गोष्टीतून गायबच होतो. आजच्या सभांत करतात तसा 'मी विश्वास ठेवला' म्हणून हात वर केला नाही, रडला नाही, काही नाही. पुढे सातव्या अध्यायात न्यायसभेत दबक्या आवाजात एक वाक्य बोलतो, की ऐकून घेतल्याशिवाय माणसाला दोषी ठरवायचं का, त्यावर शिव्या खातो. आणि एकदम एकोणिसाव्यात, शिष्य लपून बसलेत तेव्हा हा गंधरस आणि अगरू, म्हणजे प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं, घेऊन येशूच्या क्रूसावरून उतरवलेल्या देहापाशी हजर. तीस किलोच्या वर वजन होतं ते, म्हणजे लपवून आणण्यासारखं काम नव्हे. सांगा आता, याचा नवा जन्म कुठल्या अध्यायात झाला?

पंडिता रमाबाईंचं तर अजूनच सरळ आहे. बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये, १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू, म्हणजे काम धडाक्यात चाललेलं, आणि पुढे त्याच सांगतात की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो १८९१ ला मिळाला. आठ वर्षं! आणि हे स्वतःहून लिहून ठेवायला काय धाडस लागत असेल. आज एखाद्या पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून असं सांगितलं तर मंडळीत दुसऱ्या दिवशी मीटिंग बसेल.

पण मला त्या मुलाला खरी सांगायची होती ती आपल्या इंदूरजवळचीच गोष्ट. सिस्टर राणी मारिया, केरळच्या कॅथलिक जोगीण, देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या कर्जातून लोकांना सोडवायच्या, ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या माणसाने लोकांदेखत त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. एक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले आणि २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. ज्या हाताने बहिणीला मारलं त्याच हाताला. मी ही गोष्ट सांगते तेव्हा इथे थांबते, मला पुढे बोलताच येत नाही. मग घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, २००६ ला तो सुटला, केरळला जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांची माफी मागितली आणि पुढे उदयनगरला राणी मारियांच्या कबरीपाशी जात राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे कॅथलिकांत संतपदाच्या आधीची पायरी. आम्ही काही कॅथलिक नाही, पण त्या आठवड्यात आमच्या घरी दुसरा विषय नव्हता.

सगळे त्या माणसाच्या बदलाबद्दल बोलतात आणि बोलायलाच हवं. पण १९९५ ते २००२ या मधल्या वर्षांत त्या बहिणीच्या आत काय काय झालं असेल? ती तर आधीच सिस्टर होती, व्रतं घेतलेली. तरी राखी घेऊन त्या दारापर्यंत जायचं म्हणजे काहीतरी मरून काहीतरी नवं जन्मल्याशिवाय जमतं का? मला तरी वाटत नाही.

घरातलं सांगू का? सासूबाई आणि त्यांची जाऊ एकाच घरात वर-खाली राहतात आणि आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे भांडणाला बाकी काही लागतच नाही. मोटर आधी कोणी लावायची यावरून दोघींचं बोलणं बंद, कित्येक वर्षं, नाताळचा केकसुद्धा पोरांच्या हातून वर जायचा. मग एका पहाटे बघते तर सासूबाई मोटर चालू करून पाइप जिन्यावरून ओढत वर नेतायत, आधी काकूंची टाकी भरली, मग आपली. बोलल्या काहीच नाहीत. मी विचारलं तर म्हणे, "तिचे गुडघे दुखतात." तेव्हापासून तसंच चालू आहे. आता याची तारीख कोण लिहून ठेवणार, कॅलेंडरवर तर त्या दिवशी दुधाचा हिशोब लिहिलेला होता.

हे सगळं त्या मुलाला मी अजून सांगितलेलं नाही, सभेत मला सलग बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय. आणि खरं सांगायचं तर येत्या गुरुवारी योहान ४ आहे, भरदुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, म्हणजे शोमरोन प्रांतातली, येशूशी बोलल्यावर तिने तर घागर तिथेच टाकली आणि तडक गावात पळत सुटली. म्हणजे झटक्यात होणारे नवे जन्म पण असतात, तो मुलगा हे काढणार हे नक्की, आणि काढलं तर मी त्याच्याच बाजूने बोलणार आहे.