त्रेपन्न लिहिताना

पीएचडीचं कोर्सवर्क संपलं, आराखडा मंजूर झाला आणि पथदर्शी चाचणीसाठी मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गेले. विषय प्राथमिक शाळेतल्या मुलांचं संख्याज्ञान. तिसरीचा वर्ग, बावीस मुलं. मी वीस संख्या सांगायच्या, मुलांनी त्या अंकांत लिहायच्या. बरोबर असेल तर एक गुण, चुकलं तर शून्य.

"त्रेपन्न" म्हटलं आणि सहज खिडकीजवळच्या मुलीच्या कागदाकडे लक्ष गेलं. तिने डावीकडे बोटभर जागा सोडून आधी 3 लिहिला, मग त्या जागेत 5 बसवला. झाले 53. शेजारच्या मुलानेही आधी 3 लिहिला, मग 5. फक्त जागा सोडली नाही, म्हणून त्याचे झाले 35.

माझ्या हिशेबात एकीला एक गुण, दुसऱ्याला शून्य. खरं तर दोघांनी कानावर पडलं तसंच लिहिलं होतं! 'त्रे' आधी ऐकू येतं, 'पन्न' नंतर. मागच्या ओळीत एक मुलगा "पाचावर तीन त्रेपन्न" पुटपुटत सरळ 5 आणि 3 लिहीत होता. ती आणि हा, उत्तर एकच, पण वाटा अगदी वेगळ्या. चाचणी संपल्यावर मुलीला विचारलं, जागा का सोडतेस? "पाच मागनं येतो ना बाई, त्याला बसायला."

'एकोणसाठ'ला तर तिघांनी 61 लिहिलं होतं. "साठ नि एक," एकाने समजावून सांगितलं. एकोण म्हणजे एक उणा, हे त्याला कुणी सांगितलं असेल? अकरा वर्षं शिकवतेय, मीही वर्गात कधी सांगितलं नव्हतं. "पाचावर नऊ एकोणसाठ" एवढं घोकून घेतलं की माझं काम संपत असे.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मुलांची अडचण परोपरीने सांगत होत्या. आमच्या स्टाफरूममध्ये मीही विरोधातच बोलले होते. एकवीस, बावीस हे शब्द जाऊ नयेत असं मला आजही वाटतं. पण ती अडचण त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली.

रात्री मार्गदर्शक मॅडमना फोन केला. म्हटलं, नुसत्या उत्तरपत्रिका गोळा करून भागणार नाही, हात बघावा लागेल. कोणता अंक आधी लिहिला याचा रकाना हवा, आणि एका वेळी चारच मुलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "नमुना कमी करावा लागेल, समितीपुढे पुन्हा जावं लागेल. सहा महिने वाढतील."

वाढू देत, म्हटलं. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज वाढवून घेतला आणि त्याच वर्गात, जमिनीवर, चार मुलांसमोर बसले.