मसाल्याची पुडी मिळेल, यादी नाही

नागपुरात खायला घालताना कोणी हात आखडत नाही. पाहुणा "पुरे" म्हणाला की आणखी दोन वाढायचे, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. वडाभातावर हिंग-मोहरीचं तेल घालताना तर वाढणारीची पळी थांबतच नाही. पाहुण्याने ताट मागे ओढलं तरी पळी ताटामागून येते. पण एवढं जेवून झाल्यावर एखाद्या पाहुणीने विचारावं, "काकू, वड्याच्या डाळींचं प्रमाण सांगा ना," की काकूंचा आवाज किंचित उतरतो. "काही नाही गं, साधंच आहे. अंदाजाने करते मी."

हा अंदाज दोन जातींचा असतो. एक खरा. डाळ मुठीने, तिखट रंगावरून आणि मीठ नुसत्या वासावरून घालणाऱ्या बायका आमच्या घरांत अजून आहेत. त्यांना चमच्यात विचारलं तर त्या खरोखरच गोंधळतात. अशी बाई मग म्हणते, "बुधवारी ये, समोरच करते, तू लिहून घे." दुसरा अंदाज म्हणजे लावून घेतलेलं दार. तिथे बुधवार उगवत नाही. तिथे लगेच विषय निघतो, "तुझ्या मुलीची बारावी ना वो यंदा?" समजदार बाईने अशा वेळी मुकाट्याने बारावीबद्दल बोलावं.

माझ्या आत्याचा याबाबतीत एक नियम आहे. पहिल्यांदा विचारलं की सांगायचंच नाही. तिचं म्हणणं, जेवल्यावर कृती विचारणं ही वाहवा करायची एक पद्धत आहे, विचारणारीला ती खरंच हवी असते असं नाही. घरी गेल्यावर महिन्याभराने जिचा फोन येतो, "आत्या, ते भरीत करून राहिले, वांगी किती भाजू?" तिला सगळं सांगायचं, अगदी वांगी काटेरी का बिनकाट्याची इथपासून. मला हा नियम पटतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाटलेल्या कृतींपैकी किती जणींनी घरी केल्या, ते सगळ्यांनाच माहीत आहे.

नकाराचा मला राग येत नाही. राग येतो तो एक गोष्ट गाळून सांगितलेल्या कृतीचा. आमची पुडाची वडीच घ्या. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, मातीमोल झाला की घरोघरी ही वडी होते. खोबरं, तीळ, खसखस, चारोळी तेलावर परतायची, त्यात चिरलेला सांबार घालायचा, तिखट-मीठ-मसाला मिसळायचा. बेसनाच्या पारीला आतून चिंच-गुळाचा हात फिरवायचा, सारण भरून पुडा बांधायचा आणि तळून कढीबरोबर खायचा. ऐकायला सोपी. पण सांबार धुतल्यावर पंच्यावर पसरून त्यातलं पाणी पूर्ण उडू द्यावं लागतं, आणि पारीच्या पिठात मोहन कडकडीतच घालावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी वडी कढईत तोंड उघडते, सारण तेलात उतरतं आणि करणारीची संध्याकाळ वाया जाते.

एका नव्या नवरीला तिच्या सासरच्या नात्यातल्या एका बाईंनी ही कृती लिहून दिली. चारोळी किती, गूळ किती, सगळं होतं. सांबार वाळवण्याचं मात्र नव्हतं. पोरीने कौतुकाने दहा जण जेवायला बोलावले. वड्या फुटल्या तेव्हा कृती देणाऱ्या बाई तिथेच बसल्या होत्या, आणि म्हणाल्या, "होते होते, हाताला वळण लागायला वेळ लागतो." मला याचं फार वाईट वाटलं. सांगायचं नव्हतं तर तोंडावर नाही म्हणायचं होतं. पोरीने बर्डीवरून आयती वडी आणली असती, पण आपल्या हातालाच चव नाही असं तिला वाटलं नसतं.

देवाधर्माच्या पदार्थांचं शास्त्र आणखी निराळं. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते. प्रत्येक घरची आंबील आपापल्या चवीची. आमच्या घरचा अलिखित कायदा असा की आंबील सुनेला शिकवायची, लेकीला नाही. लेकीला लोणचं द्यायचं, मसाला द्यायचा, कुरडयांचा चीक किती शिजवायचा ते सांगायचं. आंबील मात्र महालक्ष्म्यांची, आणि महालक्ष्म्या ज्या घरी बसतात त्या घरची. "तुझ्या सासरची आंबील तुझ्या सासूकडून शीक, इथली इथे राहू दे," असं माझ्या आजीने माझ्या आईला सांगितलं होतं. लेकींवर यात अन्याय आहे का? थोडा आहेच. शिवाय हा कायदा ज्यांना दोन्ही मुलीच आहेत त्यांच्या घरी अडकतो. आमच्या शेजारी तसंच होतं. त्या काकूंनी बराच विचार केला आणि आंबील धाकट्या जावयाला शिकवली. तो पोट्टा आता सोवळं नेसून ताक घुसळतो आणि गुठळी होऊ देत नाही. थोरली मुलगी त्यावरून थोडे दिवस रुसली होती, पण ते चालायचंच.

घरापलीकडे गेलं की कायदे बदलतात. सावजी जेवण हे नागपूरचं नाव बाहेर नेणारं जेवण, आणि ते मुळात इथल्या कोष्टी समाजाचं, विणकरांचं. मागावरची कमाई आटत गेली तसा काही घरांनी चुलीचा आधार घेतला, खानावळी काढल्या. खूर, सुंदरी, मटण, पाटवडी, डाळकांदा, आणि वर ती काळपट लाल तर्री. जुन्या पद्धतीत ती जवसाच्या तेलात होते. मसाला बऱ्याच ठिकाणी घरच्या बायका घरीच भाजतात, दळतात आणि तयार करून खानावळीत पाठवतात, म्हणजे रांधणाऱ्या आचाऱ्यालाही त्यात काय काय आहे ते कळू नये. त्यात जिन्नस किती, याचा आकडा सांगणाऱ्यागणिक चढत जातो. बत्तीस हा सगळ्यांचा लाडका आकडा. महाल भागातल्या असो की गोळीबार चौकाजवळच्या, कुठल्याही सावजीच्या टेबलावर एक तरी गडी असतो जो घाम पुसत पुसत शेजाऱ्याला सांगतो, "धोंडफूल आहे, खसखस आहे, आणि हे... हे काय आहे बे?" मालक गल्ल्यावरून ऐकतो, हसतो आणि पोराला सांगतो, "साहेबांना तर्री दे अजून."

इथे यादी मागणं मला असभ्य वाटतं. ज्याच्या घराचा किराणा त्या मसाल्यावर भरतो त्याला "सांगा ना हो, आम्ही कुठे हॉटेल काढणार आहोत" असं म्हणणं म्हणजे त्याच्या गल्ल्यात हात घालणं आहे. आणि यात नागपूरकरांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. १९७७ मध्ये जनता सरकारने कोका-कोलाला सांगितलं, भारतातल्या कंपनीतला हिस्सा कमी करा आणि तंत्र इथल्या लोकांच्या हाती द्या. कंपनीने गाशा गुंडाळला पण कृती दिली नाही. १९९३ मध्ये ती परत आली, तेव्हाही कृती खिशातच होती. तिच्यापुढे आमचा सावजी बिचारा बराच उदार, निदान आणखी तर्री तरी देतो.

कायद्याकडे जाऊन फार काही हाती लागत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो तुम्ही लिहिलेल्या मजकुराला सांभाळतो. "चार चमचे धणे, एक चमचा शहाजिरं" या प्रमाणावर तो कोणाचीही मालकी मानत नाही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते त्या मातीतल्या मिरचीचं. ती मिरची तुम्ही कशाबरोबर भाजता याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणजे घरच्या मसाल्याचं रक्षण करायला शेवटी डब्याचं घट्ट झाकण आणि बाईचा स्वभाव एवढंच उरतं.

तो स्वभावही कधी कधी कामाला येत नाही. आमच्या नात्यातल्या एक सासूबाई काळ्या मसाल्यासाठी नावाजलेल्या. दर उन्हाळ्यात कळमन्याहून मिरची आणायची, इतवारीतून गरम मसाला, आणि भाजायचं काम दुपारी, घरात कोणी नसताना. पुडी मागाल तेवढी मिळेल. यादी सख्ख्या बहिणीलाही नाही. त्यांच्या जावयाला दुबईत नोकरी लागली. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना त्याने मसाल्याचा दोन किलोचा डबा हातात घेतला आणि विचारलं, "आई, यात खसखस आहे का?"

सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचं आहे?"

तिकडे खसखशीला बंदी आहे. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोजतात आणि सामानात सापडली तर थेट पोलिसांशी गाठ पडते. हे कळल्यावर सासूबाई खाली बसल्या. एका बाजूला आयुष्यभर जपलेली यादी, दुसऱ्या बाजूला विमानतळावर अडकलेला जावई. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आहे. थोडीशी." मग बांध फुटलाच. जाऊबाईंनी विचारलं, "म्हणजे खोबरंही असंलच." "आहे." "अन् तीळ?" "तीळ नाही वो, तिळाने खवट होते." त्या रात्री बारा वाजता त्यांनी खसखस गाळून नवा घाणा भाजला. माझ्या मते इथे त्यांनी शिष्टाचाराचा एक फार महत्त्वाचा नियम पाळला. कोणाच्या तब्येतीचा, धर्माचा किंवा तुरुंगाचा प्रश्न असेल तेव्हा यादी सांगितलीच पाहिजे. फल्लीदाण्याची अॅलर्जी असलेल्या पोराच्या आईने विचारलं तर "गुपित आहे" म्हणून हसणं हा गुन्हा आहे.

पण सासूबाईंचं खरं दुःख पुढेच आहे. जावयाने तिकडून फोन केला आणि मोठ्या प्रेमाने सांगितलं, "आई, काहीच फरक नाही बरं का! अगदी तीच चव!" त्याला वाटलं त्या खूश होतील. त्या दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. यंदाच्या मसाल्यात त्यांनी खसखस दुप्पट घातली असा माझा संशय आहे.

सगळेच असे घट्ट नसतात. विष्णू मनोहर नागपूरचेच. या माणसाने टीव्हीवरून वर्षानुवर्षं महाराष्ट्राला कृती वाटल्या, आणि २०१७ मध्ये नागपुरातच सलग पन्नास तासांहून जास्त वेळ उभं राहून स्वयंपाक केला. त्यांचं काही कमी झालेलं दिसत नाही. शिवाय प्रत्येक खानदानात एक जण अशी असते जी न विचारता देते. तुम्ही नुसतं "छान झालं" म्हटलं की रात्री फोनवर तिचे आवाजी निरोप सुरू होतात. पहिल्यात फोडणी, दुसऱ्यात "मघाशी हिंग राहिलं बघ", तिसऱ्यात मागे कुकरची शिटी आणि कोणाला तरी "गॅस बारीक कर!" अशा बायकांच्या मी पाया पडते. त्यांचं पूर्ण ऐकून घ्यावं, कारण कामाची गोष्ट हमखास पाचव्या निरोपात असते.

घेणारीवरही काही जबाबदारी असते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कृती ज्या बाईकडून आली तिचं नाव पदार्थाला लावून ठेवावं. आमच्या घरी लिंबाचं लोणचं हे "मोठ्या आईचं", कढी "मामीची". मामी गेल्या, कढी अजून मामीचीच आहे. दुसरं, तिच्यासमोर तिचा पदार्थ तिच्यापेक्षा चांगला करू नये. झालाच तर "तुमच्यासारखा नाही जमत" असं म्हणावं. हे खोटं आहे, पण चालतं. तिसरं, जिने "कोणाला सांगू नको" म्हणून सांगितलं, तिची कृती तिच्या सख्ख्या जावेला तर मुळीच देऊ नये. यावरून नागपुरात घरं वेगळी झालेली आहेत.

नाव लावण्याच्या बाबतीतही तारतम्य हवं. आमच्या पुण्याच्या भाचेसुनेने आत्याकडून पुडाची वडी घेतली. रीतसर, महिन्याभराने फोन करून, दुसऱ्यांदा विचारून. आत्यानेही सांबार वाळवण्यापासून मोहनापर्यंत सगळं सांगितलं. मग भाचेसुनेने तळण नको म्हणून ती एअर फ्रायरमध्ये केली, गूळ गाळला, बेसनात ओट्सचं पीठ घातलं, पानकोबीही किसून टाकली, आणि घरच्या ग्रुपवर फोटो पाठवला. खाली लिहिलं, "आत्याआजींची पुडाची वडी." मी तो फोटो आत्याला मोठा करून दाखवला. तिने चष्मा लावून तो निरखून पाहिला आणि म्हणाली, "छान केली पोरीने. तिला सांग, वडी खुशाल कर, पण त्यातून माझं नाव काढ."